असई कुठेशी आली?

जालना जिल्ह्यातल्या एका छोट्या गावाचं नाव इंग्लंडमधल्या बॅरेकींना आहे, बंगळूरमधल्या रस्त्याला आहे, आपल्याच लष्कराच्या एका रेजिमेंटच्या बिल्ल्यामागेही आहे. मग खुद्द त्या गावात काय आहे? एक पुणेकर भाची आजोळी जाऊन बघून आली.

मैत्रीण ऑनसाइट गेली की दोन गोष्टी हमखास होतात. पहिली, तिच्या स्टेटसवर बर्फ पडायला लागतो. दुसरी, जिने कधी शनिवारवाडा आतून बघितला नाही, तिला अचानक इतिहास आवडायला लागतो. माझी एक्स-रूममेट दक्षिण इंग्लंडमधल्या एका छोट्या गावी प्रोजेक्टवर गेली आणि तिचंही तेच झालं. वीकेंडला करायला काही नाही, दुकानं संध्याकाळी पाचला बंद. मग बाईसाहेब निघायच्या भटकायला आणि इकडे माझ्या फोनवर फोटोंचा मारा!

त्यात एक जागा सारखी दिसायची. गावाच्या मधोमध एक छोटीशी बाग. नीट कापलेलं गवत, गुलाबाचे वाफे, दोन लाकडी बाकं, मध्ये दगडी क्रॉस आणि त्यावर बारीक अक्षरांत कोरलेली नावं. ही त्या गावाची वॉर मेमोरियल गार्डन. 'रोज इथे बसून डबा खाते,' तिने लिहिलं. 'गावात माणसं आपल्या सोसायटीएवढी आणि नावं बघ किती!'

मला आधी ते जरा ओव्हर वाटलं. जेवायला बसायचं ते मेलेल्यांच्या यादीसमोर? पण या बागांमागचा फंडा वाचला आणि गप्प झाले. पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांचे मृतदेह मायदेशी आणायचे नाहीत, असं ब्रिटिश सरकारने ठरवलं होतं. पोरगा फ्रान्समध्ये नाहीतर मेसोपोटेमियात पुरलेला, आई इंग्लंडच्या खेड्यात. तिने फूल ठेवायचं कुठे? म्हणून गावागावाने वर्गणी काढून क्रॉस उभारले, बागा केल्या. म्हणजे ती बाग ही खरं तर कबरीची जागा भरून काढायला केलेली. नोव्हेंबरात सगळा गाव तिथे जमतो, लाल पॉपीची फुलं वाहतो, दोन मिनिटं चिडीचूप उभा राहतो.

आणि मग एका रविवारी आला 'तो' फोटो. विल्टशायरमधलं टिडवर्थ नावाचं लष्करी गाव. रस्त्याच्या कडेला पाटी, 'असाये बॅरेक्स'. खाली तिचा प्रश्न, 'ए, हे नाव आपल्याकडचं वाटतंय ना? असई कुठेशी आली?'

मी चहाचा कप खाली ठेवला. असई? अहो, असई माझ्या मामाच्या शेतापासून मोटरसायकलवर पंधरा मिनिटं!

गावाचं नाव जगभर

आईचं माहेर भोकरदनच्या पुढे. जालना जिल्हा १९८१ साली झाला, त्याआधीचा औरंगाबाद जिल्हाच आईच्या तोंडात अजून आहे. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिथे जायचो, तेव्हा 'आसईला लढाई झाली होती' हे वाक्य कुणीतरी म्हणायचं. 'आसईचा बाजार' किंवा 'आसईची पाहुणी' म्हणावं, त्याच सुरात. शाळेच्या पुस्तकात असई आली ती, मला आठवतं त्याप्रमाणे, दीड ओळीत संपली. पुढच्या ओळीत तह. परीक्षेला सन विचारायचे, १८०३. ते पाठ होतं. बस्स.

आता शोधायला बसले तर हे नाव कुठे कुठे निघालं! टिडवर्थला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बॅरेकी बांधल्या, त्यांना हिंदुस्थान आणि अफगाणिस्तानातल्या लढायांवरून नावं दिली. अलिवाल, भरतपूर, दिल्ली, लखनौ, मुलतान, कंदाहार, जलालाबाद आणि असई. बंगळूरला अलसूर तलावाजवळ असाये रोड आहे, आयटीतले वाचक कदाचित रोज तिथल्या ट्रॅफिकमध्ये अडकत असतील. स्कॉटलंडच्या ज्या पलटणी इथे लढल्या, त्यांना ईस्ट इंडिया कंपनीने मानाचं खास निशाण दिलं, त्यावर हत्ती आणि 'असाये' ही अक्षरं. त्यांच्या वारसदार पलटणीत २३ सप्टेंबर हा 'असाये डे' म्हणून पाळायची परंपरा आहे. आणि आपल्या भारतीय लष्करातल्या मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावर जो हत्ती दिसतो ना, तोही असईचाच. कारण कंपनीच्या बाजूने लढलेल्यांत मद्रासच्या पलटणी होत्या.

ब्रिटिश लेखक बर्नार्ड कॉर्नवेलने तर या लढाईवर अख्खी कादंबरी लिहिली, 'शार्प्स ट्रायम्फ', १९९८ साली. आणि वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, त्याला म्हातारपणी कुणीतरी विचारलं की लढाईच्या मैदानावरची तुमची सगळ्यात उत्तम कामगिरी कोणती? तो एकच शब्द बोलला. वॉटर्लू नाही. असई.

मग मला वाटलं, त्या गावातही अशीच एक बाग असेल. का नसेल?

खडकीचे सोळाशे अडुसष्ट दगड

आजोळी जायच्या आधी एक काम केलं. माझ्या ऑफिसच्या वाटेवर खडकीचं वॉर सिमेट्री लागतं. पाच वर्षं मी त्याच्या बाजूने स्कूटी हाणतेय, एकदाही आत शिरले नव्हते. (हात वर करा, तुम्ही गेलायत?) एका रविवारी सकाळी गेले.

आत शिरल्यावर पुणं एकदम बंद होतं. हिरवळ अशी की चप्पल काढून ठेवावीशी वाटते. एका उंचीचे, एका मापाचे दगड, रांगेत. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ सैनिकांच्या कबरी इथे आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी पुरलेले हे लोक. त्या जागांची कायमची देखभाल होईल याची खात्री नव्हती, म्हणून कबरी इथे एकत्र आणल्या. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन नावाची संस्था ही जागा सांभाळते. १९१७ साली ती सुरू झाली तेव्हाच तिचा एक नियम होता, साहेब असो की साधा शिपाई, दगड सारखाच. पहिल्या महायुद्धातल्या १,८०० हून जास्त जणांची नावं असलेलं स्मारकही याच आवारात आहे.

दगडांवर वयं आहेत. एकवीस. तेवीस. एकोणीस. माझ्या टीममधल्या ट्रेनींची वयं. मी एका दगडापाशी बराच वेळ उभी राहिले, कारण तळाशी घरच्यांनी कोरून घेतलेली ओळ होती आणि ती वाचताना घसा दाटला. ज्याला मी ओळखत नाही, ज्याच्या देशाने माझ्या देशावर राज्य केलं, त्याच्यासाठी! नावात ही ताकद असते बघा.

पण हा सारखेपणाचा नियम सगळ्यांना लागला का? नाही. याच कमिशनने नेमलेल्या समितीने २०२१ साली कबूल केलं की पहिल्या महायुद्धानंतर आफ्रिका आणि आशियातल्या हजारो सैनिकांना बरोबरीची वागणूक मिळाली नाही. निदान १ लाख १६ हजार जणांची नावंच कोरली गेली नाहीत, हा आकडा साडेतीन लाखांपर्यंतही जाऊ शकतो, असं त्या अहवालात आहे. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं होती. साध्या भारतीय शिपायांचे फक्त आकडे.

ही झाली १९१४ नंतरची गोष्ट. मग १८०३ च्या माणसांचं काय झालं असेल? त्याच विचारात मी सप्टेंबरात जालन्याची गाडी पकडली.

दोन गावं आणि एक उतार

जालन्याहून भोकरदनला जाताना मध्ये राजूर लागतं. गणपतीला हात जोडल्याशिवाय पुढे गेलं की आजी रागवायची. आजी गेली, सवय राहिली. राजूरच्या पुढे दोन्ही बाजूंना मका, सोयाबीन आणि कपाशी. पाऊस नुकताच थांबलेला. मामा स्टँडवर मोटरसायकल घेऊन उभे.

"काऊन आली गं अचानक? लग्नाबिग्नाचं ठरलं का?"

"नाही मामा, आसई बघायला आले."

"आसईत काय हाये बघायला?" मामा म्हणाले आणि किक मारली.

आता थोडी लढाई. घाबरू नका, सनावळ्या कमी ठेवते. १८०२ च्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह केला. तो शिंदे-भोसल्यांना मान्य नव्हता. पुढच्या वर्षी युद्ध पेटलं. इकडच्या मोहिमेवर होता आर्थर वेलस्ली, वय ३४, म्हणजेच नंतरचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. २१ सप्टेंबरला बदनापूरला (हो, आपलं जालन्याजवळचं बदनापूर) तो आणि कर्नल स्टीव्हन्सन भेटले आणि ठरलं की दोन वाटांनी जाऊन २४ तारखेला मिळून हल्ला करायचा. पण २३ तारखेलाच वेलस्लीला कळलं की दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांचा तळ अगदी जवळ आहे. भोकरदनपासून असईपर्यंत केळणा नदीच्या काठाने पसरलेला. याच्याकडे लढाईच्या रांगेत उभे करायला साडेचार हजारांच्या आसपास माणसं. समोर कवायती पायदळच दहा हजारांवर, त्याशिवाय हजारो घोडेस्वार आणि शंभराच्या आसपास तोफा.

कुणीही शहाणा माणूस स्टीव्हन्सनची वाट बघेल. हा थांबला नाही.

अडचण नदीची होती. पलीकडे जायचं तर उतार हवा आणि वाटाडे सांगत होते की पुढे उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून बघितलं, नदीच्या या काठाला पिंपळगाव, त्या काठाला वरूड. दोन गावं इतकी समोरासमोर आहेत म्हणजे लोक ये-जा करत असणार, म्हणजे इथे उतार असणारच, असं त्याने ताडलं. आणि निघाला की उतार! इंग्रजी पुस्तकांत या प्रसंगाचं काय कौतुक आहे. जीनियस वगैरे.

मी हे मामांना नदीकाठी उभं राहून सांगितलं. ते तंबाखू मळत होते.

"दोन गावं समोरासमोर आली म्हंजे सोयरीक आलीच. सोयरीक आली म्हंजे उतार आलाच. एवढं समजायला गोरा सायब कशाला लागतो?"

नदीला पाणी होतं, गढूळ, घोट्यापेक्षा जास्त आणि कमरेपेक्षा कमी. एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन पलीकडून आली, आमच्याकडे बघितलं आणि निघून गेली. उतार चालू आहे.

इथून पुढे केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात लढाई झाली. शिंद्यांच्या फौजेचं नेतृत्व त्या दिवशी अँथनी पोलमन नावाच्या जर्मन माणसाकडे होतं. शिंदे आणि भोसले स्वतः तळावर नव्हते. पोलमनने नदी ओलांडणारा शत्रू बघून सगळी रांगच्या रांग वळवून त्याच्या तोंडावर उभी केली. आणि मग तोफा सुरू झाल्या. पाण्यात उतरतानाच वेलस्लीच्या बाजूच्या एका स्वाराचं मुंडकं तोफगोळ्याने उडालं. ७४ व्या हायलँडर पलटणीचे पाचशेच्या आसपास लोक चुकून थेट असई गावाच्या दिशेने गेले, त्यातले चारशेच्या आसपास मेले किंवा जखमी झाले. वेलस्लीची दोन घोडी त्या दिवशी त्याच्याखाली पडली.

मला राहून राहून आठवतात ते शिंद्यांचे गोलंदाज. बाजूचं पायदळ मागे हटलं तरी ते तोफा सोडून हलले नाहीत. संगिनींनी भोसकेपर्यंत तिथेच. त्यांच्यातले काही मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले. इंग्रजांची रांग पुढे गेल्यावर उठले, तोफा फिरवल्या आणि मागून मारा सुरू केला. त्या तोफा पुन्हा घ्यायला वेलस्लीला स्वतः उलटं यावं लागलं. पळणं सोपं होतं, सगळं संपल्यात जमा होतं, पगार तर आधीच थकलेले असायचे. तरी ते उठले. कोण होती ही माणसं? नाव काय होतं त्यातल्या एकाचं तरी?

संध्याकाळपर्यंत लढाई संपली. इंग्रजांच्या हिशेबात त्यांचे ४२८ ठार, १,१३८ जखमी, १८ बेपत्ता. एककापर्यंत हिशेब आहे बघा. पडलेल्या प्रत्येक गोऱ्या अधिकाऱ्याचं नाव कागदोपत्री आहे. घोडदळाचा प्रमुख कर्नल मॅक्सवेल इथेच पडला. जखमींना अजिंठ्याला नेलं. ९८ तोफा हाती आल्या, हेही लिहून ठेवलंय. आणि समोरची बाजू? मैदानात पडलेले १,२०० असतील, मेलेले-जखमी मिळून ६,००० असतील. 'असतील.'

"मोजणीला आल्या का ताई?"

असईत मी बाग शोधली. खरंच शोधली, मनात मैत्रिणीचा फोटो घेऊन. दगड, फुलं, निदान रेलिंग लावलेला एखादा चौथरा. मला दिसलं ते असं: कपाशीला बोंडं धरलेली, बांधावर बाभळी, मक्याच्या रानातून पक्षी हाकलणारं एक पोरगं, आणि नाल्याकडेला एक म्हातारे बाबा शेळ्या घेऊन बसलेले. मी फोनवर नकाशा काढून इकडे तिकडे बघत होते, तसे ते उठून आले.

"मोजणीला आल्या का ताई?"

"नाही बाबा. लढाई झाली होती ना इथे, ती जागा बघतेय."

"मग मोजणी नाही ना?" त्यांनी पुन्हा विचारलं. मामांनी 'भाची हाये माझी, पुण्याची' असं सांगितलं तेव्हा कुठे त्यांचा चेहरा सैल झाला. मग त्यांनी हात गोल फिरवून सगळं शिवार दाखवलं. "हे समदंच हाये लढाईचं. कुठं बघता?"

परत येताना मी मामांना आयडिया सांगितली. सॉलिड उत्साहात! इथे एक बाग हवी. मोठं काही नको, चार एकर. झाडं, बाकं, लढाईचा नकाशा, शाळेच्या सहली येतील, अजिंठ्याला जाणारे टुरिस्ट वळतील. मामेभाऊ तर उडालाच. तो हॉटेल काढायचं म्हणतोय तीन वर्षं. त्याने तिथल्या तिथे नावही ठरवलं, हॉटेल रणांगण.

मामा जेवत होते. घास खाली ठेवून म्हणाले, "चार एकर. कोणाचे?"

कुणीच बोललं नाही.

"तुझी बाग व्हईल, चांगली व्हईल. पण जमीन ज्याची जाईल, त्यो त्या बागेत फुलं वाहायला येईल का गं?"

मला पुण्यात बसून हा प्रश्न सुचलाच नव्हता. आमच्याकडे स्मारक म्हटलं की वाद होतो तो पुतळ्याच्या उंचीचा. इथे चार एकरांवर एक घर चालतं.

आणि समजा जमीन मिळाली, तर भिंतीवर नावं कुणाची? हा विचार करत मी रात्री गच्चीवर बसले. शिंद्यांच्या कवायती पलटणींत भरती मुख्यतः उत्तरेतली, अवध, दोआबातली. सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणीही त्यांच्या बाजूला होत्या. कंपनीकडे स्कॉटिश होते, तमिळ-तेलुगू मुलखातले शिपाई होते, म्हैसूरचे स्वार होते. आणि नदीच्या दक्षिण काठाला इंग्रजांच्या बाजूने पेशव्यांचे मराठा स्वारही उभे होते! 'आपले' आणि 'त्यांचे' अशा दोन भिंती बांधायला गेलं तर पहिल्याच विटेला भांडण.

नाव कोरलं की काय होतं, याचं उदाहरण भीमा कोरेगावला आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर स्तंभ उभारला कंपनीने, स्वतःच्या विजयासाठी. पण त्यावर कंपनीकडून लढलेल्या महार सैनिकांची नावं होती. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले आणि आज १ जानेवारीला लाखो लोक जातात, ते कंपनीसाठी नाही. दगड कंपनीचा राहिला नाही, नावांचा झाला. असईच्या गोलंदाजांची नावं कुणी लिहिलीच नाहीत, मग त्यांच्यासाठी कोण येणार?

हे सगळं मी मैत्रिणीला लिहिलं. तिचं उत्तर आलं, 'मग नावांशिवायची बाग करा.' तिकडे संध्याकाळचे सात वाजले होते, तिने सोबत बागेचा फोटो टाकला होता. मी उत्तर दिलं नाही. गवत कापायला माणूस कोण ठेवणार, हा प्रश्न तिला कळला नसता.

सहा दिवसांचं अंतर

दुसऱ्या दिवशी १७ सप्टेंबर. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. १९४८ साली याच दिवशी निजामाची राजवट संपली. पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगायला हवं, मराठवाड्यात या दिवशी सुट्टी असते आणि सकाळी झेंडावंदन असतं. मामेभावाची मुलगी तिसरीत आहे. तिला कडक इस्त्रीचा युनिफॉर्म घालून आम्ही सगळे शाळेत गेलो. गुरुजींचं भाषण झालं, हुतात्म्यांना नमस्कार झाला, पोरांना गोळ्या वाटल्या.

घरी येताना तिने मला विचारलं, "आत्या, निजाम आपल्याकडं आलाच कसा?"

आणि मी रस्त्यातच थांबले. कारण उत्तर मला आदल्याच दिवशी पायाखाली मिळालं होतं! असईनंतर नोव्हेंबरात अडगाव झालं, डिसेंबरात गाविलगड पडला आणि ३० डिसेंबर १८०३ ला शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावचा तह केला. त्या तहात अजिंठ्याच्या डोंगरांच्या दक्षिणेचा सगळा मुलूख त्यांनी सोडला. जालनापूरचं नाव तहात स्पष्ट लिहिलेलं आहे. इंग्रजांनी तो मुलूख त्यांच्या मित्राला, म्हणजे हैदराबादच्या निजामाला दिला. २३ सप्टेंबरच्या त्या संध्याकाळचं बिल जालन्याने १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत भरलं. कॅलेंडरवर सहा दिवसांचं अंतर, मध्ये जवळपास १४५ वर्षं.

एका तारखेला आम्ही झेंडा लावतो, दुसरी स्कॉटलंडात पाळतात.

मी तिला सांगितलं, "आपल्या इथेच एक लढाई झाली होती, त्यात शिंदे हरले, म्हणून आला." तिला ते पटलं नाही. "आपल्या इथं? कुठं?" तिच्या दृष्टीने लढाया पुस्तकात होतात, नाहीतर टीव्हीवर.

तेव्हा मामा उठले. आतल्या खोलीत कपाटावर एक पत्र्याचा जुना डबा होता, बिस्किटांचा. त्यात सातबाऱ्याचे उतारे, आजीची नथ, विजेची बिलं. तळाशी जुन्या फडक्यात बांधलेली एक गोळी. शिशाची, बोरापेक्षा थोडी लहान, एका बाजूने चेपलेली, वजनाला अनपेक्षित जड. मी तीस वर्षांत कधी बघितली नव्हती.

"बाबांना नांगरताना घावली होती," मामा म्हणाले. "अजून लई होत्या. बाबांनी वितळवून मासे धरायच्या जाळ्याला लावल्या. शिसं इकत घ्यावं लागत नव्हतं मग. ही एक राहिली."

ही गोळी असईचीच, असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही. तपासायला कुणाला दिलेली नाही आणि मामा देणारही नाहीत. कुणी झाडली आणि कुठे अडकली, हेही कळायचा मार्ग नाही. पण पोरीने ती तळहातावर घेतली, मूठ मिटली आणि बराच वेळ काहीच बोलली नाही. खडकीच्या त्या दगडापाशी माझं जे झालं होतं, तेच तिचं झालं असावं. नावाशिवाय.

मामेभाऊ म्हणाला, हॉटेल झालं की काचेच्या पेटीत ठेवू. मामांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो विषय बदलून सोयाबीनच्या भावावर गेला.

१८ तारखेला सकाळी मी पुण्याला निघाले. बॅग भरत असताना बघितलं, तर पोरगी कंपास बॉक्समधून पेन्सिली काढून टाकत होती. जागा करत होती. गुरुजींना दाखवायची होती तिला. मी मामींकडे बघितलं. मामी चुलीपाशी होत्या, त्यांनी सगळं बघितलेलं होतं.

"ने," त्या म्हणाल्या. "पण मधल्या सुट्टीत बाहेर काढू नको. अन् येताना आठवणीनं घेऊन ये, तुझ्या आज्याला इचारलेलं नाही मी."